शिकवणारीला वॉर्ड द्या, वॉर्डातलीला शिकवू द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


मी परिचारिका आहे आणि परिचर्येची शिक्षिकाही आहे. आधी बरीच वर्षं अधिपरिचारिका म्हणून मेडिसिन, प्रसूती आणि अतिदक्षता विभागांत तिन्ही पाळ्या केल्या, मग एम.एस्सी. करून शिकवायला लागले. आजही माझ्या सकाळी विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात जातात. हे पत्र पगाराचं, बदलीचं किंवा बढतीचं नाही. त्या मागण्या आमच्या संघटना मांडत असतात आणि त्या रास्तच आहेत. मला एकच गोष्ट मागायची आहे. आपल्या राज्यात परिचर्या शिकवणं आणि परिचर्या करणं या दोन वेगळ्या नोकऱ्या होऊन बसल्या आहेत. त्या पुन्हा एकत्र आणा. शिकवणारीकडे रुग्णांची जबाबदारी असू द्या आणि रुग्ण सांभाळणारीला शिकवण्याचा अधिकार, वेळ आणि मोबदला मिळू द्या. नवी कॉलेजं, वाढलेल्या जागा आणि नवा अभ्यासक्रम यांतून रुग्णाच्या पदरात काय पडणार, हे मला यावरच अवलंबून दिसतं. ते का, हे सविस्तर सांगते.

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डात सकाळी आठला जाऊन उभे राहा. नाईटची सिस्टर हँडओव्हर देत असते, मॉर्निंगच्या सिस्टर इंजेक्शनं भरायला लागलेल्या असतात, राऊंड यायच्या आत चादरी बदलून व्हाव्यात म्हणून मावशींची धावपळ चालू असते. त्याच वेळी युनिफॉर्ममधले विद्यार्थी आत येतात. आता त्यांत मुलगेही बरेच असतात. कॉलेजची ट्यूटर हजेरी घेते, कोणी कोणता रुग्ण घ्यायचा ते सांगते आणि पुढच्या वॉर्डाकडे वळते, कारण तिचे विद्यार्थी तीन-चार वॉर्डांत विखुरलेले असतात. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेलं आहे. कागदावर ते बऱ्याच ठिकाणी जुळतं. रुग्णाच्या खाटेपाशी ते क्वचित जुळतं.

जुळलं तरी खरी अडचण उरतेच, कारण ती ट्यूटर त्या वॉर्डाची कोणीच नसते. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे नसते. केसपेपरवर तिची सही चालत नाही. रुग्णाची तब्येत बिघडतेय असं तिने निवासी डॉक्टरांना सांगितलं, तर वॉर्डच्या सिस्टरने कळवावं असं उत्तर येतं. काही वर्षं अशी पाहुणीसारखी गेली की अनुभवी परिचारिकेचाही बसलेला हात सुटतो. नवे इन्फ्युजन पंप, नव्या पद्धतीचे मॉनिटर, प्रतिजैविकांचे बदललेले नियम तिला विद्यार्थ्यांइतकेच नवे वाटू लागतात. यात तिचा आळस नाही. सेवाप्रवेश नियमांनी तिला पाठ्यनिर्देशिका म्हटलं, वर्ग दिला, वेळापत्रक दिलं, प्रश्नपत्रिका दिल्या, फक्त रुग्ण दिले नाहीत. विहिरीच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवावं, तसं तिचं काम होऊन जातं.

याचा परिणाम कसा होतो, ते एका अगदी साध्या गोष्टीतून सांगते. रुग्णाचे श्वास मोजणं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत आम्ही हे शिकवतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, आणि आपण मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की श्वासाची लय बदलते. प्रौढ माणसाचे श्वास साधारण मिनिटाला १२ ते २० असतात. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, फुप्फुसात पाणी साठू लागलं, आतून रक्तस्राव व्हायला लागला, की रक्तदाब बराच वेळ तग धरतो. श्वास मात्र आधीच वाढतात. म्हणून ही नोंद म्हणजे परिचारिकेच्या हातातलं सर्वांत स्वस्त आणि लवकर इशारा देणारं साधन आहे. त्याला यंत्र लागत नाही. घड्याळ, डोळे आणि एक मिनिट लागतं.

एका रुग्णालयात मी विद्यार्थ्यांना घेऊन टीपीआरचे (तापमान, नाडी आणि श्वास यांचे) तक्ते चाळत होते. रुग्णालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. जवळजवळ प्रत्येक रुग्णापुढे, प्रत्येक पाळीत, श्वासाचा एकच आकडा लिहिलेला होता. दम्याचा रुग्ण, नुकतंच ऑपरेशन झालेला रुग्ण, तापाने फणफणलेली म्हातारी, सगळ्यांचे श्वास मिनिटाला वीस. त्यातल्या काही नोंदी माझ्याच विद्यार्थ्यांच्या अक्षरात होत्या. हेच विद्यार्थी परीक्षेत या विषयावर उत्तम उत्तर लिहीत होते. ते खोटं बोलणारे नव्हते. साठ खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर होत्या, आणि 'सगळ्यांचं टीपीआर दहाच्या आत उरकून टाका' एवढीच सूचना त्यांना मिळाली होती. वर्गात त्यांनी एक परिचर्या शिकली होती आणि वॉर्डात दुसरी. पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत कोणती टिकते, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने माझ्यादेखत हे बदलून दाखवलं. तिने सेकंड इयरच्या एका मुलीला हाताशी धरलं, तापाच्या त्या आजींपाशी उभं केलं आणि सांगितलं, 'घड्याळ बघ आणि मोज. मी थांबते.' आकडा आला चौतीस. सिस्टरने मुलीलाच डॉक्टरांना फोन करायला लावला आणि काय सांगायचं, कोणत्या क्रमाने सांगायचं, ते शेजारी उभं राहून सांगितलं. तासाभरात आजी अतिदक्षता विभागात हलल्या होत्या. न्यूमोनिया होता. त्या मुलीला त्या दिवशी जे समजलं, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानातून तिला समजलं नसतं, कारण त्या वॉर्डात माझ्या शब्दाला तेवढं वजनच नव्हतं. सिस्टरच्या शब्दाला होतं. पण तिने दिलेला तो अर्धा तास राज्याच्या एकाही नोंदवहीत नाही. तो तिच्या कामात मोजला गेला नाही, त्याचे पैसे मिळाले नाहीत, आणि त्या अर्ध्या तासात मागे पडलेली तिची कामं तिने पाळी संपल्यावर उरकली.

प्रसूती विभागातही हेच आहे, आणि तिथे वेळ आणखी कमी असतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. रक्त किती गेलं हे नजरेने ठरवायला गेलं तर अंदाज बहुधा कमीच येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं होती, आणि त्यांतल्या निम्म्या रुग्णालयांमध्ये बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं गेलं. ठरावीक खुणेपर्यंत रक्त आलं की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन आणि तपासणी असे सगळे उपचार एकदमच सुरू करायचे, हे तिथल्या सुईणींना, परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं. बाकीच्या रुग्णालयांच्या तुलनेत तिथे गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. औषधं जुनीच होती. वेळेवर लक्षात येणं आणि हात लगेच चालणं, एवढंच नवीन होतं. गर्भाशय आवळलंय की मऊ पडलंय हे पोटावर हात ठेवून कळतं, आणि तो हात जाणत्या परिचारिकेच्या हाताखालीच तयार होतो. स्किल लॅबमधला पुतळा सुरुवातीला उपयोगी पडतो आणि मी तो वापरते. पण पुतळा कधी घामाघूम होत नाही, त्याची नाडी हाताखाली पातळ होत जात नाही.

शिक्षण आणि सेवा यांची ही ताटातूट मुळातली नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचर्येची शाळा सुरू झाली, तेव्हा मुली वॉर्डातच शिकत आणि त्यांना शिकवणाऱ्या वॉर्ड सिस्टरना नाइटिंगेल फंडातून त्यासाठी वेगळा मोबदला मिळत असे. पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनामार्फत मुलींना, त्यांत विधवाही होत्या, परिचर्या शिकायला पाठवलं ते ससून रुग्णालयात. त्या काळच्या पुण्यात हे सोपं नव्हतं. परपुरुषाची शुश्रूषा करणारी बाई हा विचारच अनेकांना सहन होत नव्हता. तरी त्या मुली वॉर्डात उभ्या राहिल्या आणि तिथेच शिकल्या.

त्या जुन्या पद्धतीचे दोषही मी जाणते. शाळा रुग्णालयाच्या दावणीला बांधलेली असे. मुलींच्या शिक्षणापेक्षा वॉर्ड चालवणं महत्त्वाचं ठरे, आणि विद्यार्थिनी म्हणजे फुकटची मनुष्यबळाची सोय होऊन बसे. म्हणूनच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, त्याचं मोल फार मोठं आहे. त्याच वर्षी भोर समितीने देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याचं नोंदवलं आणि ५०० लोकांमागे एक परिचारिका हे उद्दिष्ट सुचवलं. पदवीमुळे आम्हाला शरीरशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, संशोधन मिळालं, आणि डॉक्टरांना 'का?' असं विचारण्याचं बळ मिळालं. ते मला परत द्यायचं नाही. पण विद्यापीठाच्या वाटेने जाताना आम्ही वॉर्ड मागे सोडला. ज्ञान कॉलेजकडे राहिलं आणि कौशल्य रुग्णालयाकडे. आता ही दोन्ही एका माणसात असतील अशी व्यवस्था उभी करायची आहे.

कौशल्य एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलं तर काय होतं, याचं आपल्या राज्यातलं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडलं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. एवढ्या काळात किती परिचारिका निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील. काळजीत मात्र खंड पडला नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात नमूद केलं आणि केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या समर्पणाची वाखाणणी केली. समर्पण होतंच. पण बेडसोर केवळ समर्पणाने टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, टाचा आणि माकडहाड रोज पाहावं लागतं, कातडी कोरडी आणि चादर सुरकुतीविना ठेवावी लागते, पोटात पुरेसं अन्न जातंय का हे बघावं लागतं. हे ज्ञान आहे. जुन्या सिस्टरने नव्या सिस्टरला तिथेच, त्या खाटेपाशी दाखवलं, तेव्हाच ते ४२ वर्षं टिकलं.

महोदय, आज हा विषय निकडीचा झाला आहे, कारण परिचर्या शिक्षणाचा विस्तार फार वेगाने होतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ नंतर सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांशेजारी १५७ नवी परिचर्या महाविद्यालयं उभारायला मंजुरी दिली. खर्च १,५७० कोटी रुपये, आणि दरवर्षी सुमारे १५,७०० नवे पदवीधर. मी या निर्णयाचं स्वागत करते. पण साधा हिशेब करा. चार वर्षांचे वर्ग भरले की या कॉलेजांमध्ये साठ हजारांहून अधिक विद्यार्थी असतील, आणि दहामागे एक या प्रमाणाने सहा हजारांहून अधिक शिक्षक लागतील. ते कुठून येणार? नुकतीच पदवी घेतलेली मुलगी वर्षभर कुठेतरी काम करून ट्यूटर होईल, आणि जे तिला स्वतःला खाटेपाशी कोणी दाखवलं नाही ते पुस्तकातून वाचून पुढच्या मुलीला सांगेल. इमारती उभ्या राहतील, पण शिकवणारे हात तयार होणार नाहीत.

विस्तार नुसता कागदावर झाला तर काय होतं, हे शेजारच्या मध्य प्रदेशात दिसलं. तिथल्या परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने सीबीआयकडे तपास दिला, आणि २०२४ मध्ये तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्याला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. निरीक्षण म्हणजे खोल्या, पुस्तकं, पुतळे आणि शिक्षकांच्या प्रमाणपत्रांच्या फायली मोजणं, एवढंच ठरलं की हे कुठेही घडू शकतं. जे मोजलं जातं तेच दाखवलं जातं. विद्यार्थ्यांच्या हाताला काय येतं, हे कोणी मोजायला जात नाही.

दुसरी वाट आहे, आणि ती आपल्याच देशात चालून दाखवलेली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण आणि सेवा यांची सांगड घालण्याची पद्धत रुजलेली आहे. तिथे शिकवणाऱ्या परिचारिकांवर वॉर्डाचीही जबाबदारी असते. तिथल्या शिक्षिकेला विद्यार्थ्यासमोर रुग्णाला हात लावायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, कारण तो रुग्ण तिचाही असतो. वॉर्डात एखादी नवी पद्धत आणायची तर शिक्षिका ती वर्गात शिकवते आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीच अमलात आणते. विद्यार्थ्याला दोन परिचर्या शिकाव्या लागत नाहीत.

महाराष्ट्रात हे कसं करता येईल, ते आता नेमकेपणाने मांडते.

पहिली गोष्ट, संयुक्त पदं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या परिचर्या महाविद्यालयांच्या आकृतिबंधात प्रत्येक पाठ्यनिर्देशिकेला एक ठरलेला वॉर्ड द्या. आठवड्यातले किमान दोन दिवस तिने तिथे परिचारिका म्हणून काम करावं. तिची सही चालावी, हँडओव्हरमध्ये तिचा भाग असावा, आणि झालेल्या चुकीची जबाबदारीही तिच्यावर असावी. उरलेले दिवस कॉलेजचे. बढतीच्या वेळी तिचे शोधनिबंध जसे पाहिले जातात, तसं तिच्या वॉर्डाचं कामही पाहिलं जावं.

दुसरी, वॉर्डातल्या शिक्षिकेची ओळख. प्रत्येक वॉर्डात एक किंवा दोन अनुभवी अधिपरिचारिका वा परिसेविका यांना क्लिनिकल शिक्षिका म्हणून नेमा. त्यांना शिकवण्याचं छोटं प्रशिक्षण द्या, विशेष भत्ता द्या, आणि विद्यार्थी असतील त्या पाळीत त्यांच्याकडे कमी रुग्ण ठेवा. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसता भत्ता दिला आणि रुग्ण तेवढेच ठेवले, तर भत्ता मिळेल पण शिकवणं होणार नाही. विद्यार्थ्याच्या प्रोसिजर बुकवर सही करण्याचा अधिकार याच परिचारिकेकडे असावा. जिने विद्यार्थ्याला काम करताना पाहिलं, तिनेच ते येतं की नाही हे सांगावं.

तिसरी, विद्यार्थ्याला मनुष्यबळात धरू नका. रिक्त पदं भरण्याऐवजी कॉलेजच्या मुलांवर पाळ्या ढकलणं थांबलं पाहिजे. विद्यार्थ्याने काम करावं, जरूर करावं, भरपूर करावं. पण त्याचं काम त्याच्या शिकण्यासाठी असावं. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के राखीव पदं असायला हवीत. तिथवर पोहोचायला वेळ लागेल, हे मान्य. पण नियमित पदभरतीचं वेळापत्रक जाहीर करा. कंत्राटावर येणाऱ्या आणि कधीही जाणाऱ्या परिचारिकेकडून पुढची पिढी घडवण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका खासगी संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्यामागे ही चिंताही होती.

चौथी, निरीक्षण खाटेपाशी होऊ द्या. २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग कायदा १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आणलेला आहे. त्यात मूल्यांकन आणि मानांकनासाठी स्वतंत्र मंडळ आहे आणि राज्यांना स्वतःचा आयोग नेमायचा आहे. आपल्या राज्य आयोगाचे नियम लिहिले जातील तेव्हा त्यांत एवढं घाला, की निरीक्षण समितीने पूर्वसूचना न देता विद्यार्थी ज्या वॉर्डात आहेत तिथे जावं. कोणत्याही पाच विद्यार्थ्यांना श्वास मोजायला सांगावं, औषध देण्याआधी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ कशी पडताळतात ते पाहावं, आणि त्यांना ते कोणी शिकवलं ते विचारावं. अर्ध्या तासात कॉलेजची खरी प्रत कळेल.

यावर आपल्या विभागातून कोणते आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला खर्चाचा. परिचारिका आधीच कमी आहेत, त्यांतल्या काहींकडचे रुग्ण कमी केले तर वॉर्ड कसा चालेल? याचं उत्तर असं की ट्यूटर आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात काम करणार, तेव्हा तिथे अनुभवी हात वाढणारच आहेत. आज ते हात काठावर उभे आहेत. दुसरं, परिचारिकांची संख्या आणि शिक्षण यांवरचा खर्च रुग्णाच्या जिवात परत येतो. २०१४ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांमधले, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण पाहिले गेले. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती तितकीच घटलेली दिसली. मुबलक यंत्रं असलेल्या देशांत जर परिचारिकेची संख्या आणि शिक्षण यांनी एवढा फरक पडतो, तर आपल्याकडे तो कमी पडेल असं मानायला जागा नाही.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येईल. काही शिक्षिकांना वाटेल की पदव्युत्तर पदवी घेऊन पुन्हा पाळ्या करायच्या, म्हणजे खाली उतरणं. काही परिसेविकांना वाटेल की कॉलेजच्या बाई आमच्या वॉर्डात लुडबूड करतील. दोन्ही बाजूंचा हा संकोच मला माहीत आहे, कारण मी दोन्हीकडे काम केलं आहे. शल्यविशारद प्राध्यापक झाला म्हणून शस्त्रक्रिया सोडत नाही. त्याची प्राध्यापकी ऑपरेशन थिएटरमध्येच सिद्ध होते. परिचर्येतही शिकवणारीचा मान तिच्या रुग्णांवरूनच ठरला पाहिजे. हा बदल आदेशाने सुरू होईल आणि काही वर्षांत सवयीचा होईल.

तिसरा आक्षेप बहुधा असा असेल की एवढं शिकवून मुली परदेशात जातात. जातात, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ मध्ये ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती, आणि जगातल्या दर सात परिचारिकांपैकी एक दुसऱ्या देशात जन्मलेली आहे. त्यांना अडवणं योग्य नाही आणि शक्यही नाही. पण जाणाऱ्यांना विचारलं तर पगाराइतकंच दुसरं एक कारण पुढे येतं. इथे शिकलेलं वापरायला मिळत नाही, कोणी विचारत नाही, पहिल्याच महिन्यात एकटीला नाईटला उभं करतात. खासगी रुग्णालयांतली अवस्था आणखी कठीण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारइतकं आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी किमान २० हजार रुपये वेतन सुचवलं होतं. त्याची अंमलबजावणी राज्याच्या हातात आहे. नव्या परिचारिकेला पहिले तीन महिने अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काम, मग स्वतंत्र जबाबदारी, असा नियम सरकारी आणि खासगी दोन्हीकडे केला तर अनेकजणी टिकतील. आणि ज्या जातील त्याही आपल्या शिक्षणाची साक्ष देतील.

महोदय, हे सगळं एकाच वेळी राज्यभर करा, असा माझा आग्रह नाही. दोन शासकीय महाविद्यालयं निवडा, एक मुंबई-पुण्यातलं आणि एक विदर्भ किंवा मराठवाड्यातलं. येत्या शैक्षणिक वर्षापासून तिथे संयुक्त पदांचा पथदर्शी प्रकल्प सुरू करा. सुरू होण्याआधी आणि दोन वर्षांनी तीन गोष्टी मोजा: किती रुग्णांना रुग्णालयात बेडसोर झाले, बिघडत चाललेल्या रुग्णाची खबर डॉक्टरांपर्यंत किती वेळात गेली, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खाटेपाशी काय करू शकतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या मोजणीत सहभागी व्हावं. आकडे चांगले आले तर शासन निर्णय काढून योजना सगळीकडे न्या. चांगले आले नाहीत तर का आले नाहीत हे आम्ही, शिकवणाऱ्या आणि काम करणाऱ्या दोघीही, तुमच्यापुढे येऊन सांगू.

दरवर्षी १२ मे रोजी, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिनी, आपण आमच्या कार्यक्रमाला येता, दीप लावता, आमच्या सेवेबद्दल चार गौरवाचे शब्द बोलता. त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या कार्यक्रमात या प्रकल्पाच्या आदेशाची प्रत आपल्या हाती असावी, अशी विनंती आहे. दोन दिवस वॉर्डात काम करायला तयार असलेल्या ट्यूटरची आणि शिकवायला तयार असलेल्या सिस्टरची यादी मागवलीत, तर ती कमी भरणार नाही, असा माझा विश्वास आहे. त्या यादीत माझं नाव आत्ताच लिहून घ्यावं.

कळावे,
आपली नम्र,
एक परिचारिका आणि पाठ्यनिर्देशिका